वाणात लुटलेली अमेरिका

काही माणसं राग गिळतात. मी चघळते. विड्यासारखा, हळूहळू, रंग चढेपर्यंत. आज जो राग तुमच्यापुढे उघडते आहे तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी तोंडात धरला होता. अजून त्याची चव गेलेली नाही.

तेव्हा आम्ही बर्मिंगहॅममध्ये राहायचो. नवरा हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. दिवसभर लोकांना झोपवायचा आणि घरी आल्यावर सोफ्यावर स्वतः झोपायचा. मी कौन्सिलच्या लायब्ररीत. आणि मला एक नाद होता, जुन्या पोस्टकार्डांचा. तोही सरसकट नव्हे. अमेरिकेची कार्डं, तीसचाळीस सालातली, कापडासारखा पोत असलेल्या कागदावर छापलेली. त्यांचं आकाश कुठल्याच देशात नसतं असल्या निळ्या रंगाचं, संध्याकाळ म्हणाल तर थेट आमरसाची. ही कार्डं इथे कशी आली कोण जाणे. युद्धात आलेल्या सोल्जरांनी मागे टाकली असतील, नाहीतर तिकडे जाऊन राहिलेल्या बहिणींनी इकडच्या बहिणींना पाठवली असतील. त्या बहिणी वारल्या की कार्डं बुटांच्या खोक्यांतून चर्चच्या हॉलमधल्या बाजारात यायची, आणि रविवारी सकाळी मी त्या खोक्यांत कोपरापर्यंत हात घालून उभी असायचे.

ग्रँड कॅन्यन आणि नायगारा ढिगाने मिळायचे. मला हवी असायची वाहनं. सॅन फ्रान्सिस्कोची चढावर लटकलेली केबल कार, शिकागोची घरांच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांवरून जाणारी ट्रेन, पिट्सबर्गला डोंगराला पाठ लावून वर सरकणारे डबे, न्यू ऑर्लिन्सची ट्राम. ज्या गावाने आपल्या ट्रामा कधीच भंगारात घातल्या आणि जिथली बस कधी येईल हे ड्रायव्हरलाही माहीत नसायचं, त्या गावात स्टॉपवर उभं राहून राहून मला हे वेड लागलं असेल.

त्या सगळ्यांत माझं लाडकं एक कार्ड होतं. नेब्रास्कातल्या कुठल्याशा लहान गावचा बस डेपो. बघण्यासारखं त्यात काहीही नाही. एक बसकी इमारत, एक निळी बस, आणि फुटपाथवर लाल कोट घातलेली एक बाई, पायाशी सूटकेस. पाठीमागे पेन्सिलने कुणीतरी लिहिलेलं, बस उशिरा आहे, पाय दुखतात. बस. नायगारासमोर उभं राहून कुणीही कार्ड लिहील. पण ज्या गावात बघायला काही नाही तिथे बसून, बसच्या वाटेवर डोळे लावून, त्याच डेपोचं कार्ड विकत घेऊन कुणाला तरी पाठवावंसं वाटलं, त्या माणसावर माझा जीव होता.

पोस्टकार्ड जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. सगळे निवृत्त, सगळे पुरुष, सगळ्यांच्या स्वेटरला कोपरावर ठिगळं. दर वर्षी फेब्रुवारीत ते प्रदर्शन भरवायचे. प्रत्येकाने एक बोर्ड लावायचा, एक विषय, आणि भिंगवाले एक आजोबा परीक्षक. मी नाव द्यायला गेले तर भिंगवाले म्हणाले, "लेडीज साधारणपणे मांजरं लावतात."

"मी ट्राम लावणार आहे."

"इंडियन व्ह्यूज का नाही? ताजमहाल?"

आता मी आजवर आग्र्याला गेलेले नाही. पुण्याची बाई, आग्र्याला जाऊन काय करू? मी म्हटलं, "अमेरिकन ट्राम."

"तुम्ही अमेरिकेला गेला आहात का?"

"नाही. तुम्ही मागच्या वर्षी चंद्राची कार्डं लावली होती ना?"

तिथूनच आमचं वाजलं. म्हणजे मला तो बोर्ड पुरा लावायचाच होता, आणि असा लावायचा होता की भिंगाला घाम फुटावा. डिसेंबरभर मी कार्डं अल्बममधून काढून क्रमाने रचली, ख्रिसमसच्या बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. मधोमध लाल कोटातली बाई. प्रदर्शन फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या शनिवारी होतं.

त्या हिवाळ्यात सासूबाई आल्या होत्या. सासरे विमानाला घाबरून पुण्यातच राहिले. सासूबाई कशालाच घाबरत नसत. कस्टमवाल्याला त्यांनी साड्यांच्या घड्यांत गुंडाळलेल्या गोड्या मसाल्याच्या डब्यावरून मराठीत झापलं होतं आणि त्याने डबा मुकाट्याने परत दिला होता. तो मसाला आमच्यासाठी नव्हता हं. तो एडिनबराच्या धाकट्या मुलासाठी. "त्याच्या बायकोला काही करता येत नाही," असं त्यांचं म्हणणं. मला करता येतं, म्हणून मला नाही. हा न्याय.

संक्रांतीचं हळदीकुंकू मी दर वर्षी करायचे. दुरून दुरून बायका यायच्या, एक मैत्रीण तर थेट ब्रॅकनेलहून, कारण तिकडे कॉम्प्युटरच्या कंपन्या खूप आणि तीळगूळवाल्या बायका कमी. वाणाला मी पुण्याहून स्टीलच्या चहाच्या गाळण्या मागवल्या होत्या. पार्सल बोटीने निघालं आणि बोट बहुधा आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली. आदल्या दिवशीही पत्ता नाही.

"तू वाणाची काळजी करू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "मी बघते."

मला वाटलं, कुंकवाच्या पुड्या बांधतील. मी बटाटेवड्यांत गुंतले.

रविवारी दुपारी घर बायकांनी भरलं. मी स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तर हॉलमध्ये सासूबाई खुर्चीवर, मांडीवर बिस्किटांचा डबा. समोर बायकांची रांग. प्रत्येकीला हळदीकुंकू, हातावर तीळगूळ, आणि वर सॅटिनच्या रिबिनीत बांधलेलं एकेक कार्ड. कार्डालाही हळदीकुंकू. बोटाने, कोपऱ्यात, नीट दाबून. डबा तळाला लागला होता.

माझ्या हातातला ट्रे पडला नाही. नाटकात पडला असता. मी तो टेबलावर ठेवला, हसले, आणि ब्रॅकनेलची मैत्रीण माझी सॅन फ्रान्सिस्को नाकाशी धरून म्हणाली, "अगं, व्हॉट अ लव्हली आयडिया! दर वर्षी ते प्लॅस्टिकचे डबे घेऊन कंटाळा आला होता. काय युनिक वाण आहे!"

दुसरी म्हणाली, "माझ्या फ्रिजवर लावते."

तिसरी म्हणाली, "माझी बहीण न्यू जर्सीत आहे, तिलाच टाकते पोस्टात."

मी हसतच होते. कारण, बायांनो, वाण परत मागत नाहीत. एकदा हळदीकुंकू लावून दिलं की दिलं. तुमचं घर असो, तुमचं कार्ड असो, तुमचा गळा कुणी आवळत असो.

शेवटची गाडी ड्राइव्हवेतून बाहेर पडली आणि मी दार लावून वळले.

"आई, ते काय केलंत तुम्ही?"

"काय केलं?" सासूबाई रिबिनीचे तुकडे गोळा करत होत्या. "वाण लुटलं."

"माझं होतं ते!"

"मग? लोकाचं लुटायचं असतं का? बाजारातून घाऊक गाळण्या आणायच्या आणि वाटायच्या, त्यात देणं कुठे आलं? आपल्याला जे आवडतं ते द्यावं."

"मला आवडतं ते तुम्ही कसं दिलंत? तुमच्या पाटल्या द्यायच्या होत्या!"

"पाटल्या मुलाच्या डोळ्यांत खुपत नाहीत."

हे वाक्य त्यांनी इतक्या सहज टाकलं की मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी रिबिनी खाली ठेवल्या आणि सगळं सांगितलं. आम्ही इंग्लंडला दोन वर्षांसाठी आलो होतो. पुढे अमेरिका, असं ठरलेलं. नवऱ्याच्या बॅचचे सगळे तिकडे. याची अमेरिकेची परीक्षा हुकली, पुन्हा हुकली, मग नोकरी लागली, मग घर घेतलं, मग विषय निघेनासा झाला. "आणि तू," सासूबाई म्हणाल्या, "रोज जेवणाच्या टेबलावर अमेरिका मांडून बसतेस. इकडे पूल, तिकडे आगगाडी. तो बिचारा घास घेतो आणि बघतो. बोलत नाही तो. मला कळतं. म्हणून म्हटलं, जाऊ दे ही पीडा घराबाहेर, चांगल्या दिवशी, चांगल्या हातांत."

म्हणजे चुकून नाही. ठरवून. मी तरातरा मागच्या खोलीत गेले, सासूबाई मागोमाग. भूलतज्ज्ञ पेपराआड होते. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणायचे, एरवी अरे. त्या दिवशी ते भान राहिलं नाही.

"अरे, पेपर खाली कर. माझी कार्डं तुला लागतात का?"

त्याने पेपर थोडासाच खाली केला. "मला? छे. म्हणजे सुरुवातीला वाटायचं की तू टोमणे मारतेस. मग विचार केला, ट्रामच्या चित्रात कसला टोमणा."

"सुरुवातीला म्हणजे कधी?"

"पहिली पाचसहा वर्षं."

सांगा मला, आता कुणावर चिडायचं? मला अमेरिकेला जायचंच नव्हतं! हे मी दोघांनाही ओरडून सांगितलं. मला त्या कार्डांतल्या, आमरसाच्या संध्याकाळच्या ट्रामा हव्या होत्या, ज्या अमेरिकेतही कुठे नसतात. तिकीट काढून जिथे पोचताच येत नाही अशा जागी मला जायचं होतं, आणि ते माझं माझं चाललं होतं, कुणाच्या परीक्षेच्या आड न येता. नवरा म्हणाला, "मग तसं सांगायचंस ना." सासूबाई म्हणाल्या, "हळू बोल, शेजारी ऐकतील." शेजारी आयरिश होते. ऐकलं असतं तरी त्यांना माझीच बाजू पटली असती, आवाजावरून.

आता प्रश्न असा की वाण परत मागायचं नाही आणि बोर्ड तर भरायचा. रात्री न जेवता मी विचार केला. सकाळी उत्तर ओट्याखालच्या कपाटात दिसलं. मसाल्याचा डबा.

तेव्हा बर्मिंगहॅममध्ये सोहो रोडवर गरम मसाला पोत्याने मिळायचा, पण गोडा मसाला? दगडफूल, नागकेशर घातलेला, पुण्यात उन्हाळ्यात भाजून कुटलेला? त्याच्या वासाने आमच्या बायका बेशुद्ध पडायच्या. आणि वाण परत मागत नाहीत हे खरं, पण वाणाला वाण देऊ नये असं कुठे लिहिलंय? रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकवं चालूच असतात. मी प्रत्येकीकडे गेले. पर्समध्ये मसाल्याच्या पुड्या.

"हे काय गं?" फ्रिजवाली म्हणाली.

"सहज. घरचा आहे. आमटीला घाल." मग फ्रिजकडे बघत, "अय्या, कार्डाला ओल लागतेय गं इथे."

ती हुशार होती. पुडीचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, कार्डावरचा मॅग्नेट काढला. "घेऊन जा बाई. माझ्या मुलाने त्या ट्रामला मिशा काढल्यात, चालेल?"

चालेल! मिशांची ट्राम चालेल, चहा सांडलेली चालेल. न्यू जर्सीवालीने तिकीट चिकटवलं होतं पण पेटीत टाकलं नव्हतं, देवाची कृपा, कारण तिची पोस्ट ऑफिसला जायची बस आली नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या बसचे आभार मानले. ब्रॅकनेलला तर मी ट्रेनने गेले. मैत्रिणीने केबल कार दाराशीच हातात ठेवली आणि म्हणाली, "तू फोनवर रडत होतीस की शिव्या देत होतीस ते कळलं नाही, पण दोन पुड्या दे."

एकामागून एक अमेरिका घरी येत गेली, हळदीकुंकवाच्या ठिपक्यांसकट, आणि मसाल्याचा डबा हलका होत गेला. हलका डबा उचलला तर कळेल, म्हणून मी त्यात सोहो रोडचा गरम मसाला भरला. लाज वाटली का? अजिबात नाही. तुम्ही माझी ट्राम लुटा, मी तुमचं दगडफूल लुटते.

प्रदर्शनाच्या आदल्या गुरुवारी सासूबाईंनी एडिनबराचं पार्सल बांधायला डबा उघडला. नाकाशी नेला. थांबल्या. मी कणीक मळत होते. त्यांनी झाकण लावलं, डबा ओट्यावर ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मीही नाही. मधल्या मधे नवरा, "आई विचारते, चहा आहे का," आणि, "तिला सांग, आहे," करत दिवसभर भूल देण्यापेक्षा जास्त थकला.

बोर्ड भरला होता. एक जागा सोडून. मधलीच. लाल कोटातली बाई कुणाकडेच निघाली नाही. प्रत्येक घरी विचारलं. कुणाला ती मिळालीच नव्हती. बिस्किटांचा डबा, सोफ्याच्या फटी, हूव्हरची धुळीची पिशवी, सगळं पालथं घातलं. शेवटी मधे तेवढी पांढरी चौकट सोडून बोर्ड गाडीत चढवला. आणि बघते तो मागच्या सीटवर सासूबाई. नऊवारी, वर अॅनोरॅकचं जाड जाकीट, पायांत ट्रेनर्स बूट.

"तुम्ही कुठे?"

"माझ्या मसाल्यात काय काय आलं ते बघायचंय."

चर्चचा हॉल. एका बाजूला चहाचा बंब, बाकी भिंतींना बोर्ड. समुद्रकिनाऱ्यावरची गाढवं, लाइटहाउसं, एका आजोबांची मांजरं. हो, लेडीजची मांजरं एका आजोबांनीच लावली होती. भिंगवाले फिरत फिरत माझ्या बोर्डापाशी आले. बराच वेळ पाहिलं. ट्रामा आवडल्या त्यांना, मी शपथेवर सांगते, ओठ हलत होते. मग भिंग एका कोपऱ्यावर थांबलं.

"व्हॉट अ पिटी," ते म्हणाले. "स्टेनिंग. सगळीकडे. कार्डं नासली आहेत."

सासूबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. गाडीतल्या त्या एका वाक्यानंतरचा पहिला संपर्क. "काय म्हणतो तो?"

"म्हणतो, हळदीकुंकू लागून कार्डं नासली."

"नासली?" अॅनोरॅकची चेन सरकन खाली आली. "त्याला सांग, नासली म्हणजे तुझी बुद्धी. सांग, माझ्या सुनेच्या एकेका कार्डाला सवाष्णीच्या हातचा मान मिळालाय. तुझ्या गाढवांना कुणी कुंकू लावलंय का विचार!"

मी भाषांतर केलं. जरा वाढवूनच केलं. ताजमहालापासून सुरुवात केली, मांजरांवरून गेले, आणि ज्याने कधी कुणाला मनापासून काही दिलं नसेल त्याला डाग आणि मान यांतला फरक कसा कळणार, इथे आणून सोडलं. चहाच्या बंबाजवळची माणसं वळून बघत होती. आजोबांनी भिंग खिशात घातलं आणि पुढे सरकले. बक्षीस गाढवांना मिळालं. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण माझी सासू मला प्रथमच 'माझी सून' म्हणाली होती, आणि आम्ही दोघी प्रथमच एकाच माणसावर चिडलो होतो. केवढं ऊबदार वाटलं म्हणून सांगू!

मग त्यांनी बोर्डावर नजर फिरवली. बोट मधल्या पांढऱ्या चौकटीवर टेकलं.

"आणि इथे काय होतं गं?"

"सगळ्यात चांगलं होतं ते. बस डेपो. लाल कोटातली बाई."

"ती होय?" सासूबाईंचा चेहरा उजळला. "हरवली नाही काही. डबा उघडला तर तीच सगळ्यांत आधी डोळ्यांत भरली. म्हटलं, ही घरातच राहू दे. एडिनबराच्या धाकटीला पाठवली की पोस्टाने. तिचंही वाण नको का?"

परतताना गाडीत नवऱ्याने आरशातून मागे पाहिलं, शेजारी पाहिलं आणि विचारलं, "कुठे थांबून चहा घ्यायचा का?"

"नाही!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

घरी पोचताच मी एडिनबराला फोन लावला.

"ताई!" जाऊ किंचाळली. "काय स्वीट कार्ड आहे हो! फ्रेमसुद्धा केलं. हॉलमध्ये लावलंय. आणि आई म्हणाल्या होत्या मसाला पाठवतायत, तो अजून आला नाही. तुमच्याकडेच आहे ना?"

मी सगळं सांगितलं. फोनचं बिल आपल्या माथी चढतंय हे विसरून पुडीपुडीचा हिशेब दिला.

"म्हणजे माझा मसाला ब्रॅकनेलपर्यंत वाटलात?"

"ते कार्ड मला परत हवंय."

"वाण परत मागतात का, ताई?" मग गोड आवाजात, "बरं, असं करू. मसाला द्या, कार्ड न्या."

मसाला कुठला द्यायचा? सासूबाई एप्रिलमध्ये पुण्याला गेल्या. पुढे दोनदा आल्या, पण मसाला आणला नाही. "तुझ्या घरात टिकत नाही," म्हणाल्या. नव्वदच्या दशकात त्यांचे हात दुखायला लागले, कुटणं सुटलं, आणि मग एक दिवस पुण्याहून फोन आला. त्यानंतर इथल्या दुकानांत गोड्या मसाल्याची पाकिटंही मिळायला लागली. मी एक घेऊन एडिनबराला गेले. जावेने पाकीट फोडलं, वास घेतला, आणि चिमटा लावून माझ्या हातात परत दिलं. "आईंच्या हातचा द्यायचा होता, ताई. सौदा सौदा असतो."

आणि ती बाई अजून तिथेच आहे. जावेच्या हॉलमध्ये, कोट अडकवायच्या खुंट्यांच्या शेजारी. कोपऱ्यात सासूबाईंच्या बोटाचा ठसा, हळद फिकटली आहे, कुंकू अजून तसंच. दर वेळी मी माझा कोट अडकवते आणि तिच्यासमोर उभी राहते. बस उशिरा आहे, पाय दुखतात. मनात येतं, एकदा ती फ्रेम कोटाच्या आत घालावी आणि सरळ स्टेशन गाठावं. आणि दर वेळी, न चुकता, मी हात पुढे केला न केला तोच स्वयंपाकघरातून हाक येते.

"ताई, आमटीत गोडा मसाला नाहीये हं. चालेल ना?"